वेब रिस्पॉन्सची स्ट्रीम मागे-पुढे नेता यावी यासाठी साठा कुठे आणि किती करावा

प्रश्न लातूरहून आला आहे आणि तो थोडक्यात असा. एका गोदामाच्या हिशेबासाठी सी शार्पमध्ये लिहिलेला प्रोग्राम रोज रात्री सर्व्हरवरून वजनकाट्याच्या स्कॅन केलेल्या पावत्यांची झिप फाइल आणतो. रिस्पॉन्सची (सर्व्हरच्या उत्तराची) स्ट्रीम, म्हणजे क्रमाने येणारा बाइटांचा ओघ, झिप उघडणाऱ्या एका जुन्या लायब्ररीच्या हाती सरळ दिली की 'नॉट सपोर्टेड एक्सेप्शन', म्हणजे 'हे जमत नाही' अशी चूक, येते. तीच स्ट्रीम आधी मेमरीस्ट्रीममध्ये (मेमरीतच साठवलेल्या स्ट्रीममध्ये) कॉपी केली की लहान फाइल नीट उघडते, पण सोयाबीनच्या हंगामात फाइल ३०० एमबीच्या घरात गेली की प्रोग्राम मेमरीअभावी बंद पडतो. कॅशिंग करून, म्हणजे आलेले बाइट साठवून, ही स्ट्रीम सीक करण्याजोगी (हव्या त्या जागी उडी मारता येईल अशी) करता येईल का, आणि येत असेल तर कशी, असे विचारले आहे.

करता येते. मी छत्रपती संभाजीनगरात गेली अठरा वर्षे याच प्रकारची कामे करतो आणि हे आवरण, म्हणजे रिस्पॉन्सच्या स्ट्रीमभोवती गुंडाळलेला आपला स्वतःचा स्ट्रीम वर्ग (क्लास), निरनिराळ्या प्रकल्पांसाठी चार-पाच वेळा तरी लिहिले आहे. त्या अनुभवावरून एक गोष्ट आधीच सांगतो: हा वर्ग लिहिणे फारसे अवघड नाही, पण फाइल वाचणारी लायब्ररी सर्वांत आधी कोणत्या बाइटकडे जाते हे पाहिल्याशिवाय तो लिहायला घेतला, तर पुष्कळदा सगळी मेहनत करूनही एका बाइटचीसुद्धा बचत होत नाही.

मुळात अडचण का येते ते पाहू. डिस्कवरची फाइल तिथेच पडून असते, त्यामुळे तिच्यात कुठेही उडी मारता येते. नेटवर्कवरून येणारे बाइट मात्र सॉकेटच्या बफरमधून एकदा उचलले की त्यांची प्रत आपल्याकडे कुठेच राहत नाही. जायकवाडीच्या कालव्याला आवर्तन सुटले की पाणी चारीवरून पुढे निघून जाते आणि ज्याने ते शेततळ्यात घेतले त्यालाच ते पुढच्या महिन्यात वापरता येते, तसाच हा प्रकार आहे. म्हणून अशा स्ट्रीमचा 'कॅनसीक' (सीक करता येते का) हा गुणधर्म 'फॉल्स' असतो आणि 'लेंग्थ' किंवा 'सीक' मागितले की एक्सेप्शन येते. हा लायब्ररीचा दोष नाही. आपल्याजवळ जे नाही ते देण्याचे स्ट्रीम प्रामाणिकपणे नाकारते आहे.

इथे एक खुलासा आवश्यक आहे, कारण पुष्कळांचा गोंधळ याच ठिकाणी होतो. 'एचटीटीपीक्लायंट' या वेबवरून मजकूर आणणाऱ्या वर्गाचे 'गेटअसिंक' काही पर्याय न देता वापरले, तर ते संपूर्ण मजकूर आधी मेमरीत भरून घेते आणि मगच तुमच्या हाती देते. त्यातून काढलेली स्ट्रीम सीक करता येते. 'गेटस्ट्रीमअसिंक' वापरले, किंवा 'रिस्पॉन्सहेडर्सरीड' हा पर्याय दिला, तर फक्त हेडर (मजकुराआधी येणारी त्याची माहिती) आल्यावर स्ट्रीम हाती येते आणि ती सीक करता येत नाही. तेव्हा फाइल पाच-दहा एमबीची असेल तर स्वतःचा वर्ग लिहूच नका. पहिला मार्ग घ्या, 'मॅक्सरिस्पॉन्सकंटेंटबफरसाइझ'ला वाजवी मर्यादा घाला, कारण मूळ मर्यादा जवळजवळ २ जीबी असते, आणि पुढच्या कामाला लागा. याउलट स्वतःचा साठा करणार असाल तर 'रिस्पॉन्सहेडर्सरीड' द्यायला विसरू नका, नाही तर आधी एचटीटीपीक्लायंट साठवेल, मग तुम्ही साठवाल आणि एकाच फाइलच्या दोन प्रती मेमरीत बसतील.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. वाचणारा आधी कुठे जातो? चित्राचा प्रकार ओळखणारा कोड सुरुवातीचे काही बाइट वाचतो (पीएनजीची ओळख पहिल्या ८ बाइटांत असते) आणि परत शून्यावर येऊन खरे वाचन सुरू करतो. अशा वाचकासाठी जेवढे वाचले तेवढेच साठवत जाणारे आवरण उत्तम चालते, कारण पहिल्या काही शे बाइटांपलीकडे त्याला मागे जाण्याची गरजच पडत नाही. झिपचे तसे नाही. झिपमधील फाइलींची अनुक्रमणिका शेवटी असते, आणि ती अनुक्रमणिका कुठे आहे हे सांगणारी नोंद त्याहूनही शेवटी, किमान २२ बाइटांची असते. तिच्यापुढे ६५,५३५ बाइटांपर्यंतची टिप्पणी असू शकते. म्हणून झिप उघडणारा वाचक पहिलीच उडी शेवटाकडे मारतो. पीडीएफमध्येही वस्तूंच्या तक्त्याचा पत्ता फाइलच्या शेपटीत लिहिलेला असतो. एमपी ४ व्हिडिओची अनुक्रमणिका, मुद्दाम पुढे आणून ठेवली नसेल तर, बहुधा शेवटीच असते. एक्सेलची नवी फाइल म्हणजे आतून झिपच, त्यामुळे तिलाही हाच नियम लागू होतो.

याचा अर्थ असा की 'लागेल तेवढेच साठवू' या तत्त्वावरचे आवरण झिपच्या वाचकाला दिले, तर तो पहिल्याच क्षणी शेवटचे २२ बाइट मागेल आणि तिथे पोहोचण्यासाठी आवरणाला ३०० एमबी वाचून साठवावेच लागतील. आळशी साठ्याचा तुम्हाला काहीही फायदा होणार नाही. डॉटनेटचा (सी शार्प ज्यावर चालते त्या व्यासपीठाचा) स्वतःचा 'झिपआर्काइव्ह' वाचनासाठी सीक न करता येणारी स्ट्रीम मिळाली तर तक्रार न करता ती सगळी मेमरीस्ट्रीममध्ये कॉपी करतो; म्हणजे लायब्ररी बदलली तर एक्सेप्शन जाईल, पण मेमरीची अडचण आहे तिथेच राहील. तेव्हा तुमच्यापुढे खरे मार्ग दोन उरतात: सगळी फाइल तात्पुरत्या स्वरूपात डिस्कवर घेणे, किंवा सर्व्हरकडून हवे तेवढेच तुकडे मागणे. दोन्हींविषयी सांगतो, पण आधी आवरणाची घडण, कारण ती दोन्हीकडे लागते.

आवरणात तीन गोष्टी असतात: मूळ स्ट्रीम, साठा आणि वाचकाची जागा. यातली तिसरी गोष्ट वेगळी ठेवणे सर्वांत महत्त्वाचे आहे. साठ्यासाठी मेमरीस्ट्रीम वापरा की फाइलस्ट्रीम, तिला स्वतःची एकच 'पोझिशन' असते, आणि तीच पोझिशन नवे बाइट लिहिताना व जुने बाइट वाचताना अशी दोन्हीकडे वापरली जाते. मी पहिल्यांदा हा वर्ग लिहिला तेव्हा वाचकाची जागा म्हणून साठ्याचीच पोझिशन वापरली होती. सरळ वाचन होते तोवर सगळे ठीक होते. ज्या दिवशी वाचकाने ४०,००० व्या बाइटपर्यंत वाचून १२० व्या बाइटवर मागे उडी मारली, तिथून ५० बाइट वाचले आणि मग पुढचे मागितले, त्या दिवशी मूळ स्ट्रीममधून आलेले नवे बाइट १७० व्या जागेपासून जुन्या बाइटांवर लिहिले गेले. एक्सेप्शन आले नाही, लांबीही बरोबर दिसत होती, फक्त झिपमधील दुसऱ्या पावतीचे चित्र अर्ध्यावरून काळे येत होते. ते शोधायला मला दोन दिवस लागले. तेव्हापासून नियम केला की मूळ स्ट्रीममधून साठ्यात भर घालण्याआधी साठ्याची पोझिशन प्रत्येक वेळी शेवटावर न्यायची, आणि वाचण्याआधी प्रत्येक वेळी वाचकाच्या जागेवर आणायची. ती आधीच तिथे असेल असे कधीही गृहीत धरायचे नाही.

'सीक'मध्ये प्रत्यक्ष वाचन करू नये. सीक केवळ जागेचा आकडा बदलते. वाचन 'रीड' मागितल्यावरच व्हावे. वाचकाने पुढे उडी मारून लगेच मागे यायचे ठरवले तर उगाच डाउनलोड होऊ नये, एवढाच त्यामागचा हेतू आहे. 'रीड' आली की वाचकाची जागा अधिक मागितलेली संख्या इथपर्यंत साठा भरलेला आहे का ते पाहावे, नसेल तर भरावा, आणि मग साठ्यातून द्यावे. भरताना मूळ स्ट्रीम मागितले तेवढे एका दमात देईल अशी अपेक्षा ठेवू नका. नेटवर्कची 'रीड' ४,०९६ मागितले तरी १,४६० देऊ शकते आणि तेही पूर्णपणे नियमाला धरून आहे; फक्त शून्य आले तरच शेवट समजायचा. डॉटनेट ७ पासून 'रीडएक्झॅक्टली' आहे, त्याआधीच्या आवृत्त्यांत स्वतः लूप लिहावा लागतो.

शून्य आले तरी तोच खरा शेवट आहे का, हेही तपासावे. 'कंटेंट-लेंग्थ' हेडरमध्ये जो आकडा आला होता त्याहून साठा कमी भरला असेल तर तो शेवट नव्हे, ती तुटलेली फाइल आहे, आणि तिथे आवरणाने स्वतःहून एक्सेप्शन फेकले पाहिजे. आपल्याकडे मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालणारी कार्यालये तालुक्याच्या ठिकाणी आजही पुष्कळ आहेत आणि वीज गेली की राउटरही जातो, त्यामुळे ही तपासणी मी कधीच वगळत नाही.

लांबीचा प्रश्न याच्याशीच जोडलेला आहे. 'लेंग्थ' मागितली, किंवा शेवटापासून सीक मागितले, तर आकडा लागतो. कंटेंट-लेंग्थ असेल तर तो वापरावा, पण सर्व्हर मजकूर तुकड्यातुकड्यांनी पाठवत असेल तर ते हेडर नसते; आणि जीझिप करून पाठवत असेल तर त्यातला आकडा आकुंचित मजकुराचा असतो, तुम्हाला मिळणाऱ्या मजकुराचा नसतो. 'ऑटोमॅटिकडीकंप्रेशन' चालू ठेवले तर नव्या डॉटनेटमध्ये ते हेडर काढूनच टाकले जाते, आणि ते योग्यच आहे. अशा वेळी मूळ स्ट्रीम शेवटपर्यंत वाचून साठवणे आणि मग खरी लांबी सांगणे एवढाच प्रामाणिक मार्ग आहे. 'कॅनसीक' ट्रू सांगून लेंग्थला मात्र एक्सेप्शन फेकणारी आवरणे मी पाहिली आहेत. ती वापरू नयेत, कारण वाचणारी लायब्ररी कॅनसीक पाहूनच पुढचा रस्ता ठरवते आणि मध्येच फसते.

आता साठा कुठे ठेवायचा. मेमरीस्ट्रीम भरली की ती दुप्पट आकाराची नवी सलग जागा मागते, जुने सगळे तिकडे कॉपी करते आणि तोवर दोन्ही जागा अडकून राहतात. म्हणजे ३०० एमबीच्या फाइलसाठी शेवटच्या वाढीच्या वेळी निदान ४५० एमबी लागतात, आणि त्यातले ३०० तरी एकाच सलग पट्ट्यात लागतात. परभणी जिल्ह्यातील एका जिनिंगमध्ये माझाच प्रोग्राम याच कारणाने रोज रात्री बंद पडत असे. कॉम्प्युटरमध्ये ४ जीबी रॅम होती, त्यातली अर्धी मोकळी दिसत होती, त्यामुळे आधी कोणालाच पटेना. पण प्रोग्राम ३२ बिटचा होता, त्याच्या वाट्याला मेमरीचे २ जीबीपुरतेच पत्ते आले होते, आणि त्यात इकडेतिकडे लायब्ऱ्या बसलेल्या असल्याने एवढा सलग पट्टा शिल्लकच नव्हता. कंटेंट-लेंग्थ आधीच ठाऊक असेल तर मेमरीस्ट्रीम तयार करतानाच तेवढी क्षमता द्यावी. दुप्पट होण्याचा प्रकार टळतो. पण १०० एमबीच्या वरच्या फाइलींसाठी मी मेमरीचा विचारच सोडून दिला आहे.

त्यापेक्षा ठरावीक मर्यादेपर्यंत मेमरी आणि त्यापुढे तात्पुरती फाइल, ही पद्धत बरी. एएसपी डॉटनेट कोअरमध्ये येणाऱ्या रिक्वेस्टसाठी 'एनेबलबफरिंग' हेच करते. तिथे मूळ मर्यादा ३० केबी आहे. पायथनमध्ये 'स्पूल्डटेंपररीफाइल' हा तयार वर्ग याच कामासाठी आहे, आणि तो 'मॅक्ससाइझ' ओलांडल्यावर स्वतःच डिस्कवर जातो. सी शार्पमध्ये तात्पुरती फाइल 'डिलीटऑनक्लोज' पर्यायाने उघडावी, म्हणजे स्ट्रीम बंद होताच ती पुसली जाते. मात्र अचानक वीज गेली तर ती फाइल मागे राहू शकते. म्हणून आपल्या फाइलींना स्वतःचे वेगळे फोल्डर द्यावे आणि प्रोग्राम सुरू होताना त्यातल्या जुन्या फाइली पुसाव्यात. जुन्या डॉटनेट फ्रेमवर्कवर 'गेटटेंपफाइलनेम' वापरत असाल तर हे विशेष ध्यानात घ्या, कारण न पुसलेल्या ६५,५३५ फाइली साचल्या की ती नवीन नाव देणेच थांबवते.

आता दुसरा मार्ग, जो तुमच्या कामासाठी मला अधिक योग्य वाटतो. गोदामाच्या माणसाला रात्री ३०० एमबीमधल्या सगळ्याच पावत्या हव्या असतात का? बहुधा वाद झालेल्या दोन-चार पावत्याच उघडायच्या असतात. एचटीटीपी १.१ मध्ये १९९७ पासून 'रेंज' हेडरची सोय आहे: फाइलचा हवा तो भाग मागा, सर्व्हरला जमत असेल तर तो २०६ या स्थितीसंकेताने तेवढाच भाग देतो. यावर उभारलेल्या आवरणात साठा सलग नसून ब्लॉकांचा असतो. ६४ केबीचे म्हणजे ६५,५३६ बाइटांचे ब्लॉक धरू. वाचकाची जागा १,५०,००० असेल तर तिला ६५,५३६ ने भागून ब्लॉक क्रमांक २ मिळतो (मोजणी शून्यापासून). हा ब्लॉक १,३१,०७२ व्या बाइटपासून १,९६,६०७ व्या बाइटपर्यंत असतो, आणि वाचकाला त्यातल्या १८,९२८ व्या जागेपासून द्यायचे असते. रेंजमध्ये दोन्ही टोके धरून मोजतात, म्हणून शेवटचा आकडा १,९६,६०७ लिहायचा. १,९६,६०८ लिहिला तर एक बाइट जास्त येतो. ही एका बाइटची चूक मी दुसऱ्यांच्याही कोडमध्ये इतक्यांदा पाहिली आहे की आलेल्या बाइटांची संख्या ब्लॉकच्या आकाराशी जुळते का, हे आवरणातच तपासावे असे माझे ठाम मत झाले आहे. फक्त शेवटचा ब्लॉक आखूड असू शकतो.

झिपच्या शेवटी असलेली नोंद शोधण्यासाठी वाचकाला जास्तीत जास्त ६५,५५७ बाइट चाळावे लागतात, म्हणजे ६४ केबीहून २१ बाइट जास्त. म्हणून सुरुवातीलाच शेवटचे दोन ब्लॉक एकाच रिक्वेस्टमध्ये आणून ठेवले तर बहुतेक झिप फाइली त्यातच उघडतात. पुढे सलग वाचन चालू झाल्याचे दिसले की एकेक ब्लॉक न मागता आठ-दहा ब्लॉक एकदम मागावेत, कारण दूरच्या सर्व्हरशी प्रत्येक फेरीला लागणारा वेळ हाच इथे खरा खर्च असतो. साठ्यात ब्लॉक किती ठेवायचे याची मर्यादा घालून, फार वेळ न वापरलेले ब्लॉक टाकून द्यावेत.

या मार्गात तीन ठिकाणी सावध राहावे लागते. सर्व्हर रेंज पाळत नसेल तर तो २०६ ऐवजी २०० देऊन सगळी फाइल पाठवू लागतो. तेव्हा येणारे बाइट मधल्या ब्लॉकचे समजून साठवले तर सगळाच घोटाळा होतो. स्थितीसंकेत पाहावा, 'कंटेंट-रेंज' हेडर पाहावे, आणि २०० असेल तर सरळ तात्पुरत्या फाइलीच्या मार्गावर जावे. दुसरे म्हणजे, दोन रिक्वेस्टच्या मधल्या काळात सर्व्हरवरची फाइल बदलू शकते. पहिल्या रिस्पॉन्समधला 'ईटॅग' (फाइलच्या त्या आवृत्तीची खूण) जपून ठेवावा आणि पुढच्या प्रत्येक रेंजसोबत 'इफ-रेंज'मध्ये पाठवावा. फाइल बदलली असेल तर सर्व्हर तुकडा न देता २०० देतो, आणि तेव्हा साठा फेकून नव्याने सुरुवात करावी. 'डब्ल्यू' आणि तिरप्या रेघेने सुरू होणारा ईटॅग कमकुवत मानला जातो आणि इफ-रेंजला चालत नाही. तिसरे, अशा रिक्वेस्टमध्ये मजकूर आकुंचित न करता पाठवा असे 'ॲक्सेप्ट-एन्कोडिंग'मध्ये 'आयडेंटिटी' लिहून सांगावे, म्हणजे बाइटांच्या जागा कशाच्या मोजायच्या याविषयी संदिग्धता राहत नाही.

'डिस्पोज'मध्ये, म्हणजे काम संपल्यावर आवरण बंद करताना, साठ्यासोबत मूळ स्ट्रीम आणि रिस्पॉन्स हे दोन्ही बंद करावेत. जुन्या डॉटनेट फ्रेमवर्कच्या डेस्कटॉप प्रोग्राममध्ये एका सर्व्हरशी एका वेळी दोनच जोडण्या चालतात. दोन रिस्पॉन्स उघडे राहिले की तिसरी रिक्वेस्ट तशीच अडकून पडते आणि माणूस नेटला दोष देत बसतो. तसेच 'रिस्पॉन्सहेडर्सरीड' दिल्यावर एचटीटीपीक्लायंटची १०० सेकंदांची मूळ कालमर्यादा फक्त हेडर येईपर्यंतच लागू असते, त्यामुळे मजकूर वाचताना स्वतःची कालमर्यादा लावावी. एकच आवरण दोन थ्रेडना (प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या दोन कामांना) देऊ नये. रीडभोवती लॉक लावून हे सुटत नाही, कारण सीक आणि रीड या दोन वेगळ्या क्रिया आहेत आणि त्यांच्या मधोमध दुसरा थ्रेड जागा बदलू शकतो. साठा सामाईक ठेवावा, पण प्रत्येक थ्रेडला स्वतःची जागा असलेले वेगळे आवरण द्यावे.

तुमच्या बाबतीत मी आधी सर्व्हर रेंजला कसे उत्तर देतो ते एका छोट्या रिक्वेस्टने तपासून पाहीन. २०६ आले तर ब्लॉकांचा साठा, नाही तर तात्पुरती फाइल. चाचणीसाठी प्रत्यक्ष सर्व्हरची गरज नाही. डिस्कवरच्या एका झिपभोवती अशी स्ट्रीम लिहा की जी कॅनसीक फॉल्स सांगेल आणि दर वेळी कितीही मागितले तरी १ ते ७ बाइटच देईल. तिच्यावर आपले आवरण चढवा, मग यादृच्छिक जागांवर सीक करत हजारभर वाचने करा आणि प्रत्येक वेळी आलेले बाइट मूळ फाइलमधल्या त्याच जागेच्या बाइटांशी ताडून पाहा. त्यात शेवटाच्या पलीकडची जागाही घ्या, जिथे रीडने शून्य दिले पाहिजे, आणि अर्ध्यावर तुटणारी स्ट्रीमही घ्या, जिथे एक्सेप्शन आलेच पाहिजे. माझे ते काळे चित्र या चाचणीत पहिल्या काही वाचनांतच सापडले असते.